समोरची खुर्ची

नागोरावसाहेबांचा राग मला सकाळी साडेदहालाच यायचा आणि तो दफ्तर सुटेपर्यंत पुरायचा. ते आमच्या सेक्शनचे मुन्तजिम, म्हणजे प्रमुख. आल्याबरोबर माणसानं ड्रॉवर उघडावा, फाईल काढावी, तर हे गृहस्थ छत्री खिडकीच्या गजाला अडकवून एकेका टेबलापाशी जाऊन उभे राहायचे. “काय म्हणतंय घर?” मग एकाच्या सासूचा गुडघा, दुसऱ्याच्या मुलीचं स्थळ, तिसऱ्याच्या म्हशीचं आटलेलं दूध. हे सगळं ऐकून घेऊन काल सांगितलेल्याची आज आठवण ठेवून पुन्हा विचारायचं, म्हणजे आणखी दहा मिनिटं. मी भिंतीवरच्या घड्याळात मोजत असे. चाळीस मिनिटं, कधी पंचेचाळीस. माझ्यापाशी आले की मी मान वर न करता “ठीक आहे” म्हणायचे. एवढ्यावरून त्यांना काय ते समजावं अशी माझी अपेक्षा होती. त्यांना काही समजत नसे. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

त्यांचा दुसरा छळ म्हणजे खुर्ची. आमच्या सेक्शनमध्ये प्रत्येक टेबलासमोर एक रिकामी खुर्ची ठेवायची आणि जो कोणी येईल, मग तो तालुक्याहून आलेला शेतकरी असो की आमच्याच दाराशी बसणारा शिपाई, त्याला आधी बसवायचं. कागद नंतर. बाकीच्या सेक्शनमधले लोक यावरून आम्हाला हसत. तिकडे माणूस काउंटरवर उभा राहतो, दोन शब्दांत बोलतो आणि जातो. आमच्याकडे तो बसतो, पाणी पितो, फेटा सोडून मांडीवर ठेवतो आणि आजोबांपासून सुरुवात करतो. मी एकदा तक्रार केली. नागोरावसाहेब म्हणाले, “उभा माणूस अर्धंच बोलतो, कुसुमबाई. उरलेलं अर्धं घरी घेऊन जातो.” जाऊ दे की, असं मला वाटलं. मी एकोणीस वर्षांची होते, मिनिटाला चाळीस शब्द इंग्रजी टाइप करत होते आणि सेक्शनमध्ये सगळ्यांत हुशार मीच आहे याबद्दल मला अजिबात शंका नव्हती.

त्यात तो काळ असा की कुणालाच धीर नव्हता. छप्पन साल, हैदराबाद राज्याचे तीन तुकडे व्हायचे होते. मराठी जिल्हे मुंबई राज्यात, कानडी जिल्हे म्हैसूरकडे, उरलेलं तेलुगू आंध्राबरोबर. कागदावर ही एका ओळीची गोष्ट, पण ती ओळ आमच्या दफ्तरातल्या प्रत्येक कपाटातून गेली. फायलींचे तीन ढीग झाले, मग फर्निचरचे. एक अधिकारी खडू घेऊन हिंडायचे आणि टेबलांच्या पायांवर खुणा करायचे. हे टेबल औरंगाबादला, ही तिजोरी गुलबर्ग्याला. पंख्यावरून दोन दिवस भांडण चाललं. शेवटी तो पंखा ज्याच्या डोक्यावर होता तिथंच राहिला, कारण उतरवायला शिडी मिळेना. आणि माणसं वाटायची अजून बाकीच होती.

घरी तरी शांतता असावी, तर घरी आणखी मोठं दफ्तर. सुलतान बाजारातल्या एका गल्लीत, यादगिरी शिंप्याच्या दुकानावर आमच्या दोन खोल्या. सकाळी सहाला त्याचं मशीन सुरू व्हायचं आणि आमच्या मांडणीवरची भांडी बारीक थरथरत राहायची. आईच्या भाकरीची थापटी, खालचं मशीन, दाराशी अंबाडीची जुडी विकणारीची हाक, आणि या सगळ्यावर काकूचा आवाज. काकू परभणीकडून एक ट्रंक घेऊन आली होती, ती आम्हा सगळ्यांना घेऊनच परत जाण्यासाठी. “आता आपलं राज्य तिकडं झालंय. इथं कोण तुमचं?” हे ती भाकरीच्या प्रत्येक तुकड्याबरोबर विचारायची. अण्णा, म्हणजे माझे वडील, मराठी शाळेत शिक्षक. ते अंबाडीच्या भाजीवर लसणाची फोडणी ओतून घेत आणि म्हणत, “तीस वर्षं मी इथल्या पोरांना शिकवलं. तेच माझे.” काकू रागानं ताट सरकवायची आणि पाच मिनिटांनी पुन्हा ओढून घ्यायची. खाली उतरलं की यादगिरी मशीन थांबवून विचारायचा, “अम्मा, एटु पोतारु?” कुठं जाणार तुम्ही? रोज. मी म्हणायचे, “दफ्तरला.” कुठंही जायचं नाही, हे माझं पक्कं होतं. मैत्रिणी इथे, पगाराच्या दिवशी आबिड्सला प्यायचा इराणी चहा इथे, माझं सगळं इथे.

हे लिहिताना शेजारच्या खोलीत नात फोनवर बोलते आहे. हैदराबादेतल्याच तारनाक्याच्या या घरातून ती रोज दीड तास प्रवास करून काचेच्या एका इमारतीत कामाला जाते. गेल्या आठवड्यात तिच्या कंपनीनं सगळ्यांना एक दिवस बसवून कामाच्या जागी माणुसकीनं कसं वागावं ते शिकवलं. खुर्च्या समोरासमोर मांडून एकमेकांचं ऐकायला लावलं, प्रत्येकी सहा मिनिटं, घंटा वाजवून. शेवटी प्रमाणपत्र. “आजी, एम्पथी इज अ स्किल,” ती मला समजावून सांगत होती. मी नागोरावसाहेबांचं सांगायला लागले तर तिला मीटिंग आली. मराठी तिला वाचता येत नाही धड, तेव्हा हेही ती वाचणार नाहीच. असो.

तर माणसांची वाटणी. वरून फॉर्म आले, इंग्रजीत. प्रत्येक कर्मचाऱ्यानं आपली पसंती लिहायची: कोणत्या राज्यात नोकरी करायची. आमच्याकडचे निम्मे लोक जुन्या जमान्यातले. उर्दूत त्यांची लेखणी पळायची, पण इंग्रजी म्हटलं की ते टोपी काढून डोकं खाजवत. त्यांचे फॉर्म भरून द्यायचं काम माझ्याकडे आलं. नागोरावसाहेबांनी मला बोलावून सांगितलं, “घाई नाही. दिवसाला चार-पाच करा. बसवा, चहा सांगा माझ्या नावावर, घरचं विचारा. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी हा कागद म्हणजे अंधारातली विहीर आहे.” मी “हो” म्हणाले आणि टेबलाशी येऊन स्वतःची पद्धत ठरवली. तीन प्रश्न: नाव, पैदाइश कुठली, नोकरी किती वर्षं. मराठवाड्यातला जन्म असेल तर पहिली पसंती मुंबई राज्य, आणि असंच पुढे. फॉर्ममध्ये जन्म विचारलेला होता, पण जन्मावरून पसंती ठरवा असं कुठंही लिहिलेलं नव्हतं. तो शोध माझा. समोरची खुर्ची मी उचलून भिंतीला लावली, म्हणजे रांग भराभर पुढे सरकेल. बेचाळीस फॉर्म मी दोन दिवसांत उरकले. साहेब त्या दोन दिवसांत जिल्ह्याच्या फायली मोजायला बाहेरगावी होते. वरिष्ठ अधिकाऱ्यांनी माझं नाव घेऊन शाबासकी दिली. ती मी घरी जाऊन काकूलासुद्धा सांगितली.

त्या रांगेत ख्वाजामियाँ होते. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. तीस वर्षांची नोकरी, आणि दर्जा माझाच, साधा कारकून, कारण पुढच्या पायरीला इंग्रजीची परीक्षा होती. निजामाच्या वेळच्या फायलींतली घाईघाईची तुटक उर्दू वाचणारा त्या इमारतीत तेव्हा तो एकच माणूस उरला होता. मला ते रोज पानातला लवंगेचा तुकडा काढून द्यायचे, घसा चांगला राहतो म्हणून. माझ्या टेबलासमोर ते आले तेव्हा त्यांच्यामागे अकरा माणसं होती.

“बिटिया,” ते म्हणाले, “जरा एक बात बोलना था. घर में क्या है की…”

“चाचा, पीछे लाइन लगी है. पैदाइश बोलो बस.”

“पैदाइश तो जालना. मगर मैं क्या बोल रा था…”

“जालना. नोकरी?”

“तीस बरस.” खुर्ची असायची तिथं त्यांनी एकदा पाहिलं. मी फॉर्म त्यांच्यापुढे सरकवून सही कुठं करायची तिथं बोट ठेवलं. त्यांनी खिशातून स्वतःचा टाक काढला आणि सुंदर उर्दू सही केली. ती सही मला आजही जशीच्या तशी काढता येईल.

काही महिन्यांनी हुकूम आले. ख्वाजामियाँ त्यांचा लिफाफा घेऊन माझ्याकडेच आले, कारण वाचून कोण देणार? मी वाचला: औरंगाबाद, महिनाअखेर हजर व्हावं.

“अच्छा,” ते म्हणाले. “और वापस कब आने का?”

त्यांना ती फिरतीची ड्यूटी वाटली होती. मी सांगितलं की चाचा, वापस नाही. आता तुम्ही त्या राज्याचे. हे कायमचं.

“कायमचं बोले तो?”

“हमेशा के लिए.”

त्यांनी लिफाफा परत घेतला, त्यात हुकूम नीट घडी करून ठेवला. मग अगदी हळू, जणू माझी चूक इतरांना कळू नये, असं म्हणाले, “मगर बिटिया, तुम पैदाइश पूछे. मैं पैदाइश बोल दिया.”

पहिल्यांदा मला आला तो रागच, हे लपवण्यात अर्थ नाही. मग बोलायचं नाही का? तोंड नव्हतं? सही करताना विचारायचं नाही का? मनात असं सगळं म्हणून झाल्यावर उरलं ते एवढंच, की बोलायला त्यांनी दोनदा सुरुवात केली होती आणि दोनदा मी त्यांना थांबवलं होतं.

मी नागोरावसाहेबांकडे गेले आणि काहीही न वगळता सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला, माझ्या टेबलाकडे पाहिलं आणि विचारलं, “तुमच्या समोरची खुर्ची कुठंय?”

ती खुर्ची भिंतीशी रिकामी दिसल्यामुळे खडूवाल्या अधिकाऱ्यांनी तिच्यावर खूण केली होती. मी म्हणाले, “औरंगाबादला गेली, साहेब.”

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, “अर्ज करू. तुम्ही लिहायचा, त्यांच्या घरी जाऊन, बसून लिहायचा.”

रविवारी मी नदीपलीकडच्या त्यांच्या घरी गेले. एक खोली, पुढे पडवी, अंगणात कढीपत्त्याचं झाड. चाचींनी दार उघडलं आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. त्यांना दिसत नव्हतं. बरीच वर्षं दिसत नव्हतं. पण त्या घरात त्या अशा वावरत की मला ते कळायलाच वेळ लागला. चुलीपासून दोन पावलांवर मिठाचा डबा, त्याच्या डावीकडे हळद, खाली वाकलं की चिंचेचा गोळा. गल्लीतसुद्धा भिंतीला हात लावत त्या एकट्या नळावर जायच्या. अठ्ठावीस पावलं, मग उंबराच्या झाडाची मुळी, मग नळ. त्यांनी मला खट्टी दाळ आणि भात वाढला, दाळीत वरून लसणाची चुरचुरीत फोडणी, आणि माझं ताट रिकामं झाल्याचं त्यांना बोटांच्या आवाजावरून कळलं. “तुम वही कुसुम क्या?” त्या म्हणाल्या. “रोज बोलते ये, हमारे दफ्तर में एक बच्ची है, भोत तेज है.” चाचांनी त्यांना अजून काही सांगितलंच नव्हतं. नव्या गावात, नव्या घरात या बाईचं काय होणार, ते सांगायला कुणाला अर्जाची गरज नव्हती. तरी मी लिहिला. अडीच पानं. आयुष्यात इतकं चांगलं इंग्रजी मी पुन्हा लिहिलं नाही.

उत्तर लवकर आलं. मुदत संपलेली आहे. मात्र त्याच दर्जाचा एखादा कर्मचारी स्वखुशीनं त्यांच्या जागी जाणार असेल तर अदलाबदल मंजूर होईल. नागोरावसाहेबांनी ते सगळ्या सेक्शनसमोर वाचलं, कोणाकडेही न पाहता. त्या दर्जाचे हैदराबादला राहणारे आम्ही चौघं होतो. एकाची आई आजारी, एकाचं लग्न ठरलेलं, एकाचं घराचं बांधकाम अर्ध्यावर. चौथी मी. मला काहीच अडचण नव्हती. काकूचे भाऊ औरंगाबादला होते, राहायची सोय होती, आणि काकू तर आनंदानं नाचली असती. मी टेबलावरच्या शाईच्या डागाकडे पाहत राहिले. साहेबांनी कागद घडी केला. घरी येऊन मी सांगितल्यावर आई म्हणाली, “तू कशाला जाशील? तरणीताठी पोर.” मला हवं होतं तेच ती म्हणाली, म्हणून मी तिचं ऐकलं. एरवी मी तिचं कधी ऐकत होते? त्या रात्री अण्णा जेवलेसुद्धा कमी.

ख्वाजामियाँनी महिनाअखेर राजीनामा दिला. पेन्शन पूर्ण व्हायला थोडीच वर्षं राहिली होती. जाताना प्रत्येकाशी हात मिळवला, मला लवंग दिली. पुढच्या सोमवारी नागोरावसाहेबांनी नेहमीसारखी छत्री अडकवली, टेबलाटेबलाशी गेले, माझ्यापाशी आले. “काय म्हणतंय घर?” मला वाटलं किंचाळावं. मला शिक्षा का करत नाही हा माणूस? कशाला विचारतो? मी “ठीक आहे” म्हणायला तोंड उघडलं आणि मला रडूच फुटलं. ते उभे राहिले, पुढे गेले नाहीत. मी घड्याळ पाहिलं नाही, त्यामुळे किती वेळ ते माहीत नाही.

चाचा आबिड्सच्या पोस्टाबाहेर बसतात हे मला कुणीतरी सांगितलं. लोकांची पत्रं, अर्ज, मनीऑर्डरी लिहून देतात. त्यानंतर जवळजवळ वर्षभर मी त्या पोस्टात गेले नाही. तिकिटासाठी लांबच्या पोस्टात चालत जायचे आणि उशीर झाला म्हणून आईची बोलणी खायचे. शेवटी काकूच्या मुलाला अर्जंट पार्सल पाठवायचं होतं आणि ते आबिड्सलाच घेत. मी गेले. पायऱ्यांच्या बाजूला, सावलीत, चाचा चटईवर बसलेले. पुढे उतरतं लाकडी डेस्क, दौत, टाक. डेस्कच्या पलीकडे एक बुटकी पेटी उलटी घालून तिच्यावर जाड घडी केलेली सतरंजी ठेवलेली. तिच्यावर एक म्हातारी बसून बोलत होती आणि चाचा अजून काहीच लिहीत नव्हते. म्हातारीच्या मागे चार माणसं उभी होती. मी पाचवी जाऊन उभी राहिले. का राहिले, मलाच माहीत नाही. तासभर तरी गेला असेल.

माझी पाळी आली. त्यांनी वर पाहिलं आणि चेहरा उजळला. खरंच उजळला, त्याचाही मला त्रास झाला.

“अरे बिटिया! बैठो, बैठो पहले.”

मी पेटीवर बसले. माझ्या मागे पुन्हा तीन-चार माणसं गोळा झाली होती. चाचांनी घरचं विचारलं, अण्णांच्या शाळेचं, यादगिरीच्या मशीनचंसुद्धा. मी कधीतरी सांगितलं असेल. चाची बऱ्या होत्या. नळ आता लांब नेला, पण त्यांनी नवी पावलं मोजून घेतली. मी वर्षभर पाठ केलेली वाक्यं होती, मी जाऊ शकले असते पण गेले नाही, हे सांगायची. ती मी म्हणाले. मराठीत, अडखळत. ते मान हलवत राहिले. “हौ,” ते म्हणाले. “मेरेकू मालूम था.”

मागे कुणीतरी घसा खाकरला. मी उठायला लागले. “चाचा, लोग खड़े हैं.”

“खड़े रहने दो. तुम्हारी बात पूरी हुई क्या?”

नव्हती. एक राहिली होती. मी विचारलं, “त्या दिवशी, फॉर्मच्या वेळी, तुम्ही काहीतरी सांगत होतात. मी तुम्हाला बोलू दिलं नाही. घर में क्या है की, इथपर्यंत आला होतात. मग चाचींचं सगळं सांगणार होतात ना?”

ख्वाजामियाँनी टाक डेस्कच्या खाचेत ठेवला.

“नै, नै. उत्ता लंबा किस्सा कायकू बोलता मैं? लाइन थी ना,” ते म्हणाले. “बस इत्ताच बोलना था बिटिया, की मेरा हैदराबाद लिख दो.”